पद्मिनीची खरखर

मी बोलतोय सोलापुरातून, नवी पेठेतून. आजचा इतिहास एका चेनचा आहे.

१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली.

तिच्या १०८९ सीसी इंजिनात पुढच्या झाकणामागे टायमिंग चेन असते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी, हा हिशोब ती सांभाळते. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण खरं तर कड्यांच्या पिना झिजून ती लांबते. मग पुढून खरखर येते, टायमिंग मागे पडतं, चढावर गाडी दम टाकते. लोक कार्बोरेटर खोलत बसतात. पैसे जातात, दुखणं तसंच!

जुन्या मिस्त्रींची तपासणी साधी. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर फिरतो ना? मग त्याचं झाकण काढायचं आणि क्रँक हाताने मागे-पुढे हलवायचा. क्रँक बराच हलला तरी आतला रोटर जागचा हलत नाही, म्हणजे चेन ढिली.

मग रेडिएटर, पुली, पुढचं झाकण उतरवायचं. दोन्ही स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळवायच्या आणि चेनबरोबर स्प्रॉकेटही बदलायचे, कारण झिजलेले दाते नवी चेनही खातात.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. ही तपासणी येणारे हातही आता थकलेत. तुमच्या गल्लीत असे मिस्त्री असतील, तर त्यांना बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. भेटू पुढच्या भागात!