साडेतीन टक्क्यांचा कर आणि मुंबईच्या गिरण्या

१/ परदेशी मालावर जकात बसवून आपली कारखानदारी जपणारी सरकारे इतिहासात पुष्कळ आढळतात. मुंबईच्या गिरण्यांच्या वाट्याला मात्र उलटा न्याय आला. देशी कापडावर कर बसला, तो सातासमुद्रापलीकडच्या गिरण्यांच्या समाधानासाठी.

२/ कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. यंत्रे विलायती असली, तरी कापूस आणि कष्ट इथलेच होते. पाठोपाठ इतर गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि लँकेशायरचे गिरणमालक अस्वस्थ झाले.

३/ भारतातील आयात जकात म्हणजे देशी गिरण्यांना दिलेले संरक्षण असून ते खुल्या व्यापाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी आपल्याच कौन्सिलाचे बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठवली. १८८२ मध्ये उरलेलीही गेली.

४/ पुढे रुपया घसरला, तिजोरीत तूट आली आणि १८९४ मध्ये आयात जकात परतली. कापडाला प्रथम सूट मिळाली. डिसेंबरात त्यावरही ५ टक्के जकात बसली. पण सोबत २० नंबरपेक्षा बारीक देशी गिरणीच्या सुतावरही तेवढाच कर आला. लँकेशायरचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १८९६ मध्ये सूत करमुक्त झाले. विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के, अशी ‘समानता’ ठरली. हातमाग तेवढे वगळले गेले.

५/ ही समानता कागदावरचीच होती. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड विणत, तर लँकेशायरचा माल बहुतांशी तलम असे. त्यामुळे तलम कापड घेणाऱ्याची जकात ५ वरून साडेतीन टक्क्यांवर उतरली आणि गरिबाच्या जाड्याभरड्या धोतरावर नवा कर चढला. त्याच वर्षी टिळकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची चळवळ झाली.

६/ १९१७ मध्ये आयात जकात साडेसात टक्के झाली, १९२१ मध्ये ११ टक्के. देशी कापडावरील कर मात्र साडेतीन टक्क्यांवरच राहिला. महायुद्धानंतर जपानी कापडाची स्पर्धा वाढली, मंदी आली. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सरकारने कर उठवल्यास कपात मागे घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते.

७/ सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. दोन महिन्यांहून अधिक काळ गिरण्यांचे भोंगे थांबले. डिसेंबरात सरकारने कराची वसुली थांबवली, कपात मागे घेतली गेली आणि १९२६ मध्ये कर रीतसर रद्द झाला.

८/ तीस वर्षे अर्ज, ठराव आणि भाषणे झाली. अखेरीस या कराची किंमत मजुरीतून मागितली गेली, तेव्हा ती नाकारणाऱ्या कामगारांनी हा प्रश्न निकालात काढला. त्यांच्यापाशी ना गिरणीचा भाग होता, ना कौन्सिलात जागा.