अलगद

अलगद : (क्रियाविशेषण; ‘अलगत’ असेही रूप आढळते). धक्का न बसता, ओरखडा न उठता, भार न जाणवता होणाऱ्या हालचालीचा वाचक शब्द. पीस अलगद खाली येते, होडी काठापासून अलगद सुटते, पापण्या अलगद मिटतात.

शब्दाच्या मुळाशी ‘अलग’ आहे आणि त्याच्याही मागे संस्कृत ‘अलग्न’, म्हणजे न चिकटलेले. ‘लग्’ या ज्या धातूपासून लागणे आणि लग्न हे शब्द आले, त्याचाच हा नकार. म्हणजे मराठीने हालचालीचा मऊपणा इथे वेगावरून जोखलेला नाही, स्पर्शावरून जोखला आहे. भांड्याला ओठ न लावता पाणी अलगद पितात, त्यात मूळ अर्थ अजून शाबूत आहे. झोपलेले मूल मांडीवरून उचलून पाळण्यात अलगद ठेवतात तेव्हा स्पर्श असतो, पण तो मुलाला कळत नाही.

जवळच्या शब्दांशी ताडून पाहिले की हा फरक उघड होतो. ‘संथ’मध्ये वेग कमी असावा लागतो. ‘हळूच’मध्ये थोडा चोरटेपणा असतो, ‘हळुवार’मध्ये माया. ‘सुळकन’ निसटणारा मासाही गुळगुळीतच जातो, पण त्याला घाई असते. अलगदला यातले काहीच लागत नाही. घार पंख न हलवता अलगद वळते, तेव्हा तिचा वेग काही कमी नसतो. उतरणे, तरंगणे, उचलणे, सरकणे या क्रियापदांशी त्याचे जमते. आदळणे, धावणे यांच्याशी नाही.

कवितेत या शब्दाचे बळ त्याच्या उच्चारातही आहे. अ-ल-ग-द ही चारही अक्षरे लघू. मात्रावृत्तात ती चार मात्रांची जागा बिनतक्रार भरतात. अक्षरगणवृत्तात मात्र निवड करावी लागते. मंदाक्रांतेत सलग पाच लघू येतात आणि मालिनीचा आरंभच सहा लघूंनी होतो, त्यामुळे तिथे हा शब्द सहज बसतो. शार्दूलविक्रीडितात एका ओळीत सलग तीनपेक्षा जास्त लघू येतच नाहीत. मंगलाष्टके बहुधा याच वृत्तात रचतात. तेव्हा ओढाताण केल्याशिवाय ‘अलगद’ त्यांत शिरू शकत नाही. लग्नाच्या धातूचा नकार लग्नातच अडावा, हा निव्वळ योगायोग, पण गमतीचा.

ललित गद्यात आणि भावगीतांच्या वळणाच्या लेखनात हा शब्द फार वापरून गुळगुळीत झाला आहे. संध्याकाळ, धुके, आठवण, झोप यांपैकी काहीही ‘अलगद उतरते’ आणि वाचकाला काहीच दिसत नाही. ठोस वस्तूबरोबर तो अजून ताजा वाटतो: दुधावरची साय, जखमेवरची पट्टी, फांदीवरून काढलेले घरटे.

त्याला खरा जोम मिळाला तो वृत्तपत्रांत. क्रिकेटच्या वार्ताहरांचा फलंदाज यष्टिरक्षकाच्या हाती ‘अलगद झेल’ देतो, गुन्हेवृत्तातला संशयित पोलिसांच्या सापळ्यात ‘अलगद अडकतो’, पाकीटमार खिशातून पाकीट ‘अलगद काढतो’. इथे कोमलतेचा मागमूस नाही. समोरच्याला फारसे कष्ट पडले नाहीत, एवढेच सांगायचे असते, आणि त्यात बारीक कुत्सितपणाही असतो.

अलीकडे शब्द तांत्रिक लेखनातही आला. ‘सॉफ्ट लँडिंग’साठी ‘अलगद अवतरण’ हा प्रयोग चांद्रयानाच्या बातम्यांतून वाचकांना परिचित झाला. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरला ते साधले नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर वेगाने निघाला आणि सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरला.