वर्गणीची वही

मराठी माणूस दिल्लीस प्रथम आला तो स्वारीवर; राहावयास आला तो नोकरीपायी. १७३७ साली बाजीरावांच्या फौजेचा तळ तालकटोऱ्याच्या परिसरात पडला. १७७२ साली महादजी शिंद्यांनी शाहआलम बादशहास दिल्लीस आणून तख्तावर बसविले, आणि १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईनंतर दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. या इतिहासाने आम्हांस अभिमान दिला. शेजार दिला नाही. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली आणि पुढे कचेऱ्यांमागोमाग जी कुटुंबे येत गेली, त्यांनी तो शेजार निर्माण केला.

या कुटुंबांच्या सामानात लोकमान्यांची एक देणगी होती. १८९३ साली टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवास चालना दिली, तिचे खरे बळ तिच्या रीतीत होते : ज्या त्या आळीने आपला गणपती बसवावा, आपला मेळा उभा करावा आणि खर्चही आपणच वर्गणीतून भागवावा. दिल्लीस आळी नव्हती; सरकारी क्वार्टर्सचे ब्लॉक होते. दारावरील पाट्यांवर मराठी आडनावे शोधीत, वर्गणीची वही घेऊन जिने चढावयाचे, हीच आमच्या मंडळांची पायाभरणी. पावती फाडता फाडता कोणाची मुलगी गाते, कोणास पेटी वाजविता येते, कोणाच्या घरी बाळंतपण आहे, हे कळत असे. बदलीच्या नोकरीत कार्यवाह टिकत नसत. परंतु वही पुढच्या हाती जाई आणि उत्सव चुकत नसे.

१९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीस साहित्य संमेलन भरले. त्यानंतरचे संमेलन २०२५ च्या फेब्रुवारीत, डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली, त्याच तालकटोऱ्यास झाले. दोहोंमध्ये एकाहत्तर वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात येथे जन्मलेल्या मुलांच्या तोंडी मराठी राहिली, ती आरतीच्या पाठांतराने, बालनाट्याच्या तालमींनी आणि कोजागिरीच्या दुधाने.

आज मात्र आम्हांस काळजी वाटते. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. जुने ब्लॉक पाडले गेले. कुटुंबे द्वारका, नोएडा, गुरुग्रामकडे पांगली. २०१९ पासून यमुनेतील विसर्जनही थांबले. नदीच्या हितासाठी ते योग्यच झाले, आणि कृत्रिम हौदाशी आम्ही जुळवूनही घेतले. रीत बदलली म्हणून उत्सव मोडत नाही. तो मोडतो दार ठोठावणे थांबल्याने. या बाबतीत दोष आमचाच आहे. सभागृह मोठे झाले, पत्रिका गुळगुळीत झाली, वर्गणी मोबाईलवरून येऊ लागली आणि आम्ही जिने चढावयाचे सोडले. देणाऱ्याचे नाव कळते. त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे कळत नाही.

खासगी नोकरीसाठी नव्याने आलेल्या तरुण दांपत्यास आमचा पन्नास वर्षांचा इतिहास ठाऊक नाही, आणि त्यास तो सांगण्याची घाईही नको. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक सभासदाने आपल्या इमारतीतील एक अनोळखी मराठी पाटी शोधावी, घंटी वाजवावी आणि वर्गणी न मागता केवळ आरतीचे आमंत्रण द्यावे. वही मागाहून उघडता येईल.