भीमाशंकरचे रान

घाट चढून भीमाशंकरला पोचलो की धुके, शेवाळ आणि अंजनी-जांभळीची दाट सावली पाहून 'आदिम अरण्य' हे शब्द सहज ओठांवर येतात. आम्हीही ते अनेकदा वापरले आहेत. आता वापरवत नाहीत.

हे रान माणसांच्या हाताखालून गेलेले आहे. देवळाभोवतीची राई कुऱ्हाडीपासून वाचली ती देवाच्या धाकाने. पलीकडच्या उतारांवर महादेव कोळी राब भाजून नाचणी-वरई पिकवीत, उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून बाजारात नेत. एकाच डोंगरावर अजिबात न तोडण्याचा नियमही होता आणि तोडून पुन्हा वाढू देण्याची रीतही. १८७८ च्या वन कायद्याने मात्र अशा वहिवाटीला हक्काऐवजी सवलत ठरवायला सुरुवात केली, आणि सवलत काढून घेता येते.

१९८५ साली अभयारण्य झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. त्याच्या इथल्या उपजातीला सायक्सने १८३१ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. ज्यांनी राई राखली त्यांचे नाव कुणाला सुचले नाही, हे त्या काळाला धरूनच झाले. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो, फांदीवरून फांदीवर जातो. त्याला झाडांचे सलग छत लागते. राखलेल्या राईत ते टिकले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी रानात राहणाऱ्यांची, असे मान्य केले. बाळहिरडा त्यातलाच.