मिठाची पोती आणि एका पैचा हिशेब

पेरण्या उरकल्या तशी आमच्या बचत गटाने गाडी केली आणि आम्ही देवगिरी बघून आलो. यालाच दौलताबाद म्हणतात. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली, तेव्हाचं ते नाव.

डोंगर चहूबाजूंनी भिंतीसारखा तासलेला, खाली खंदक, आणि वर जायला खडकातला अंधारा बोगदा. त्याला अंधारीच म्हणतात. वटवाघळांच्या वासाने आमच्यातल्या दोघी तिथूनच मागे फिरल्या. असा किल्ला पडला कसा?

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. राजा रामदेवरायाचं सैन्य मुलाबरोबर दूर गेलेलं. राजा किल्ल्यात शिरला, दारं लावली. वर धान्य म्हणून पोती चढवली होती, ती वेढ्यात उघडली तर आत मीठ! कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची ती पोती होती म्हणे. फेरिश्ता या इतिहासकाराने हे लिहिलं, पण तेही तीनशे वर्षांनी. लोक याला फितुरी म्हणतात. आम्हाला तो घाईतला घोटाळा वाटतो. आमच्या मावशी पायरीवर बसून म्हणाल्या, "अगं, पोत्यावर हात ठेवला तरी कळतं. मीठ ओलसर लागतं. दळणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नसणार." इतिहासात त्या बाईचं नाव नाही, पण वेढ्यात भाकरी कुणीतरी थापतच असणार ना? राजाला शेवटी मोठी खंडणी द्यावी लागली.

दुसरी गोष्ट नाथांची. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार, असं परंपरा सांगते. त्यांनी नाथांना हिशेब तपासायला दिला. एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर जागले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल!

हे ऐकून आमची खजिनदार गप्पच झाली. दोन बैठका झाल्या, सात रुपये जुळत नव्हते. परतीच्या गाडीत तिने वही काढली. एकीचं व्याज दोनदा लिहिलं गेलं होतं. टाळी मात्र सगळ्यांनीच वाजवली.