हेलियम कोणत्या घराण्यातला? विजयदुर्गचा ‘साहेबाचा कट्टा’ आणि आवर्तसारणीतले गण

१८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर ‘हेलियम दिन’ साजरा केला जातो. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इथल्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून हेलियमचा शोध लावला, असं सांगितलं जातं. विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, पण १९८१मध्ये नवा जिल्हा होईपर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता.

ही गोष्ट अर्धी खरी आहे. पण खरा भाग कोणता, हे पाहता पाहता आवर्तसारणीतले ‘गण’ म्हणजे काय, तेही सोपं होऊन जातं.

गण म्हणजे काय?

आवर्तसारणीत आज ११८ मूलद्रव्यं, ७ आडव्या ओळी आणि १८ उभे स्तंभ आहेत. आडवी ओळ म्हणजे आवर्त आणि उभा स्तंभ म्हणजे गण. एका गणातली मूलद्रव्यं एकाच घराण्यातली म्हणता येतील, कारण त्यांचा स्वभाव सारखा असतो.

हा स्वभाव प्रामुख्याने अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन ठरवतात. कवच पूर्ण भरलेलं असेल तर अणू स्थिर राहतो. नसेल तर तो इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो.

चार घराणी, चार स्वभाव

गण १, अल्क धातू : लिथियम, सोडियम, पोटॅशियम वगैरे. बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तोही देऊन टाकण्याची घाई. हे धातू सुरीने कापता येतील इतके मऊ असतात आणि पाण्याशी जोरदार अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतात. गणात खाली जावं तसा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, त्यामुळे अभिक्रियेचा जोर वाढतो. हायड्रोजन याच स्तंभात बसतो, पण तो धातू नाही.

गण २, अल्कधर्मी मृदा धातू : मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे. बाहेर दोन इलेक्ट्रॉन, त्यामुळे पहिल्या गणापेक्षा थोडे शांत. कोकणात शिंपले भाजून चुना करतात, तो कॅल्शियमचाच.

गण १७, हॅलोजन : बाहेर सात इलेक्ट्रॉन, म्हणजे एकाची कमतरता. फ्लोरीन आणि क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू. इथे उलट घडतं. खाली जावं तशी इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद कमी होते. सोडियमने दिलेला इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला की तयार होतं आपलं मीठ.

गण १८, राजवायू किंवा निष्क्रिय वायू : हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. बाहेरचं कवच भरलेलं. रंग नाही, वास नाही, सहसा कुणाशी अभिक्रियाही नाही. झेनॉनचं पहिलं संयुग बनायला १९६२ साल उजाडावं लागलं.

१८६८मध्ये नेमकं काय झालं?

भाताचं खारट पाणी उतू गेलं की गॅसची ज्योत पिवळी होते, ती सोडियममुळे. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात अशा ठरावीक रंगांच्या रेषा असतात आणि त्या हाताच्या ठशांसारख्या ओळखता येतात.

१८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यातली एक पिवळी होती आणि सुरुवातीला ती सोडियमची वाटली. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहण नसतानाही त्या रेषा टिपल्या. ही पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. त्यावरून हे नवं मूलद्रव्य असल्याचा निष्कर्ष निघाला. सूर्याच्या ग्रीक नावावरून, ‘हेलिऑस’वरून, त्याला हेलियम म्हटलं गेलं.

नाव एका घराण्याचं, स्वभाव दुसऱ्याचा

कोकणात आडनावाच्या शेवटी ‘कर’ आलं की गाव कळतं. मूलद्रव्यांच्या नावातला ‘इयम’ही तसाच धातूकडे बोट दाखवतो : सोडियम, कॅल्शियम. हा धातू असावा अशा समजुतीने हेलियमलाही तेच शेपूट लागलं. त्याच्या खऱ्या भावंडांची नावं मात्र ‘ऑन’ने संपतात.

१८६९मध्ये मेंडेलीव्ह यांनी ज्ञात ६३ मूलद्रव्यांची सारणी मांडली, तेव्हा त्यात हे घराणंच नव्हतं. १८९४मध्ये आर्गॉन सापडला. मेंडेलीव्ह यांनाही सुरुवातीला तो नवं मूलद्रव्य आहे हे पटलं नव्हतं. १८९५मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. सूर्यावरचा हेलियम पृथ्वीवर सापडला! युरेनियमच्या किरणोत्सारातून तो खडकात तयार होत असतो. पुढे सारणीत एक अख्खा नवा स्तंभ जोडला गेला.

मग विजयदुर्गचं काय?

लॉकयर विजयदुर्गला खरंच आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांच्या पथकाने किल्ल्यावर तळ ठोकला होता. ‘मेलपोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. म्हणजे हेलियमचा शोध इथे लागला नाही, पण त्याला नाव मिळवून देणारा शास्त्रज्ञ सूर्याचा अभ्यास करायला इथे आला, हे पक्कं आहे. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही. शिवाय त्या जानेवारीत हेलियमला आर्गॉन हे एकच भावंड माहीत होतं. त्याच वर्षी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन सापडले.

हेलियममध्ये दोनच इलेक्ट्रॉन, मग तो गण २ मध्ये का नाही?

कारण पहिल्या कवचात जागाच दोघांची असते, म्हणजे हेलियमचं कवच भरलेलं आहे. कॅल्शियम आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, हेलियम देत नाही. तो उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्याशिवाय द्रवही होत नाही. म्हणूनच एमआरआय यंत्रातली चुंबकं थंड ठेवायला द्रवरूप हेलियम वापरतात. गण ठरवताना नुसता इलेक्ट्रॉनचा आकडा पाहून चालत नाही. कवच भरलंय की नाही आणि मूलद्रव्य वागतं कसं, हे पाहावं लागतं.