पाटीपासून टॅब्लेटपर्यंत



टॅब्लेट या शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे : पाटी. आपल्या वाडवडिलांनी दगडी पाटीवर अक्षरे गिरविली. उत्तर हिंदुस्थानातील मुले लाकडी तख्तीवर मुलतानी माती फासून ती वाळवीत व बोरूला स्वतः टोक काढीत. आपले साधन कसे तयार होते, हे त्यांना ठाऊक असे. आजच्या काचेच्या पाटीबद्दल आपल्याला एवढेच ठाऊक असते की ती दुकानात मिळते आणि बिघडली की फेकावी लागते.

हे बदलता येईल काय? उत्तरासाठी आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास पाहा.

१९५५ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून संगणक आणविला. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुणांनी संगणक स्वतः बांधावयाचे ठरविले. त्यांचे मार्गदर्शक रंगास्वामी नरसिंहन अमेरिकेत शिकून आले होते. इतरांनी पूर्वी संगणक वापरलाही नव्हता. १९५६ मध्ये छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० साली पूर्ण यंत्र. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. स्मरणशक्ती आजच्या मापाने अवघी १० किलोबाइट. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

या खटाटोपाचा लाभ काय, असे आपण विचाराल. परदेशांत तोवर ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते, आणि टिफ्रॅक लवकरच मागे पडला. यंत्र गेले, पण ते बांधता बांधता शिकलेली माणसे देशाजवळ राहिली. नरसिंहन पुढे भारतीय संगणक सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांची संख्या आणि तयारी घटत चालल्याचे तेथील एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवले. मुले संगणक वापरीत, पण त्याच्या आत डोकावत नसत. त्यावर उपाय म्हणून २०१२ साली ‘रास्पबेरी पाय’ हा एकाच पट्टीवरचा संगणक बाजारात आला. लांबी साडेआठ सेंटिमीटर, किंमत ३५ डॉलर, आणि स्मरणशक्ती टिफ्रॅकच्या सुमारे सव्वीस हजार पट!

२०१५ साली त्याच्यासाठी सात इंची स्पर्शपडदा निघाला आणि घरी टॅब्लेट जुळविणे सोपे झाले. पडद्याच्या पाठीशी पट्टी बसवावी, दोहोंना चपटी केबल जोडावी, मेमरी कार्डावर कार्यप्रणाली भरावी, पाच व्होल्ट देणारी पॉवर बँक लावावी आणि सर्व काही लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवावे. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगा : जुन्या मोबाइलच्या सुट्या बॅटऱ्या जोडू नका. लिथियमची बॅटरी फुगते, पेटते. जोडणी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

हा टॅब्लेट दुकानातल्यापेक्षा जाड होईल, आणि स्वस्त पडेलच असे नाही. पण तो बिघडला तर कोठे बिघडला, हे तुमचे मूल सांगू शकेल.

पालकहो, आपला गोंदिया जिल्हा भातगिरण्यांचा आणि तेंदूपत्त्याचा. गिरणीचा पट्टा तुटला तर तो जोडणारा कारागीर येथे गावोगाव आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मात्र कित्येक घरांत भावाबहिणींना एकाच मोबाइलवर पाळीपाळीने अभ्यास करावा लागला, आणि तो बंद पडला की अभ्यासही थांबे. प्रत्येक घरी असा संच घेणे परवडणार नाही. पण चार घरांनी मिळून किंवा शाळेने एक संच घेतला, तर दहा मुले शिकतील. त्यांत मुलींनाही बरोबरीने बसवा. मूल यंत्राचे झाकण उघडू पाहत असेल, तर रागावण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसा आणि आत काय आहे ते त्यालाच विचारा.